खिडकीतले मामंजी

डोंगराला एक भोक आहे आणि त्या भोकातून पलीकडचा समुद्र दिसतो. समुद्र तसा भोकाच्या डावीकडून दिसतो, उजवीकडून दिसतो, वरूनही दिसतो, आणि जास्तच दिसतो. पण लोक लांबलांबून बसने येतात ते भोकातूनच बघायला. धापा टाकत वर चढतात, बघतात, "हेच का ते?" असं एकमेकांना विचारतात, भोकातून येणाऱ्या वाऱ्याने उडालेली आपली टोपी डोळ्यांदेखत समुद्रात पडताना पाहतात आणि खाली उतरतात. उतरताना ते भुकेले असतात, उन्हाने भाजलेले असतात आणि त्यांना कुणावर तरी चिडायचं असतं. खालच्या रस्त्यावरची सगळी हॉटेलं माणसाच्या या अवस्थेवर चालतात.

हा पर्यटक आयुष्यात एकदाच येतो. त्याला चांगलं खायला घातलं तरी तो पुन्हा येणार नाही आणि वाईट घातलं तरी भांडायला परत येणार नाही. त्यामुळे चव हा विषय त्या रस्त्यावर कुणी फारसा मनाला लावून घेत नाही. खरी कटकट एकच, त्याला आत कसं आणायचं. पर्यटक रिकाम्या हॉटेलात पाय टाकत नाही. आत कुणी दिसलं नाही की त्याला वाटतं, आधीचे गेले असणार, आणि दारातून नव्हे.

म्हणून तिथल्या प्रत्येक हॉटेलात खिडकीच्या टेबलाशी एक 'बसणारा' असतो. त्याने दिवसभर खात बसायचं. घाईने नाही, कारण मग त्याचं पोट फुटेल; आणि कंटाळूनही नाही, कारण मग हॉटेल फुटेल. काचेबाहेरून जाणाऱ्याला वाटलं पाहिजे की या माणसाला आयुष्यात जे हवं होतं ते आत्ता त्याच्या ताटात आहे.

थोरलीच्या हॉटेलात हे काम तिचे सासरे करायचे, आणि त्यांच्यासारखा बसणारा त्या रस्त्याने पाहिला नव्हता. गार सूपाची एक वाटी, पावाचा एक तुकडा आणि खिशातून आणलेला स्वतःचा चमचा, एवढ्यावर मामंजी अख्खी सकाळ काढत. चमचा तोंडात गेला की डोळे मिटायचे, भुवया वर जायच्या, गालांवर लाली चढायची. बाहेर चाललेलं कुटुंब थबकायचं. बाप आईकडे बघायचा, आई मामंजींकडे बघायची, आणि दाराची घंटा वाजायची.

काचेमुळे बाहेर आवाज जात नसे, हे उत्तम होतं. कारण आत त्या वेळी असं चाललेलं असे:

"सूनबाई, सूपात काय घातलंयस? पायपुसणं?"

"पायपुसणं परवडत नाही, मामंजी. तुमचा जुना सदरा घातलाय." थोरली पाण्याचा जग घेऊन, रस्त्याकडे पाठ करून उभी असायची.

"तरीच ओळखीचा वास येतोय. या सूपापेक्षा तुझ्या बापाचं भाषण बरं. निदान ते गरम असायचं."

"माझ्या बापाचं नाव काढाल तर पुढची वाटी डोक्यावर ओतीन."

"ओत. तोंडात जाण्यापेक्षा बरं."

आणि मामंजींचा चेहरा उमलायचा. यात आत कुठेतरी माया होती असं कुणाला वाटत असेल, तर त्याने या दोघांबरोबर एक दिवस जेवून दाखवावं. माया नव्हती. थोरलीला सासऱ्यांचा मनापासून राग यायचा, सासऱ्यांना थोरलीचा त्याहून जास्त, आणि थोरलीचा नवरा, जो स्वयंपाक करायचा, त्याला काहीही विचारलं तरी तो "कांदा करपेल" एवढं बोलून आत वळायचा.

घरात वाटणी झाली तेव्हा धाकट्या दिराने समोरच्याच गाळ्यात, रस्त्याच्या पलीकडे, स्वतःचं हॉटेल थाटलं होतं. खुर्च्या निम्म्या झाल्या, टेबलं निम्मी झाली, फ्रीज दिराने नेला आणि त्याची वायर थोरलीने ठेवून घेतली. सासरे एकच असल्यामुळे पंचाईत आली. पण त्या दिवशी ते ज्या खुर्चीवर बसले होते ती थोरलीच्या वाट्याला आली, त्यामुळे तेही आले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. भांडण तेवढं चालू होतं.

मग एके दिवशी घरमालक आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे गाळे त्याचेच. उन्हातही छत्री मिटून हातात धरायचा, म्हणजे कापड झिजायला नको. त्याने थोरलीला आणि दिराला रस्त्याच्या मधोमध बोलावलं, कारण दोघंही एकमेकांच्या उंबऱ्यावर यायला तयार नव्हते.

"मला जावई मिळालाय," तो म्हणाला.

"अभिनंदन," दीर म्हणाला.

"कसलं अभिनंदन, काही करत नाही तो. त्याला टोप्यांचं दुकान काढून देणार आहे. भोक टोप्या उडवतं, जावई टोप्या विकेल. त्याच्यासाठी यातला एक गाळा रिकामा हवा. हंगामाच्या शेवटच्या रविवारी दुपारी मी इथंच उभा राहीन. ज्याच्याकडे जास्त माणसं जेवताना दिसतील तो राहील. दुसऱ्याने भांडी उचलायची."

"आणि सारखीच निघाली तर?" थोरलीने विचारलं.

"तर दोघंही जा. मला आणखी एक मुलगी आहे."

थोरलीला फारशी काळजी वाटली नाही. मामंजी खिडकीत होते. नेमका त्याच आठवड्यात मासेवाल्याशी वाद घालताना तिचा आवाज बसला. असा बसला की घशातून नुसती हवा यायची. मामंजी म्हणाले, "सूपाला बुरशीचा वास येतोय." थोरलीने मान हलवली आणि त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. मामंजी म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला लहानपणी डोक्यावर पाडलं होतं, ते वाया गेलं नाही." थोरलीने मान हलवली. असं काही दिवस चाललं. शेवटी मामंजींनी चमचा पुसला, खिशात घातला आणि उभे राहिले.

"या घरात आता मला कुणी हिंग लावून विचारत नाही," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून दिराच्या हॉटेलात जाऊन बसले. खिडकीत.

धाकटी जाऊ दारातच उभी होती. ती बोलायला इतकी गोड की रस्त्यावर तिला गुळाची ढेप म्हणत. "मामंजी, आलात! तुमचीच खुर्ची हो ही. पाठीला उशी देऊ? वाऱ्याचा त्रास होतोय का?" दिराच्या मनात वडिलांविषयी काय आलं ते सांगता येत नाही, पण त्याने आधी काच पुसून घेतली.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज नव्हता, म्हणून ती आपल्या दारात उभी राहून मूठ दाखवू लागली. डोळे वटारू लागली. एकदा तिने लाटणं दाखवलं. समोर मामंजींनी चमचा उंचावून ते स्वीकारलं, डोळे मिटले, भुवया वर नेल्या आणि त्यांच्या गालांवर लाली चढली. दिराच्या दाराची घंटा वाजायला लागली ती थांबेचना.

थोरलीने दुसरा बसणारा शोधला. दातांचा डॉक्टर मोकळाच असायचा, त्याला खिडकीत बसवलं. पण तो प्रत्येक घास आधी उलटासुलटा करून बघायचा, चावताना जबडा हाताने चाचपायचा आणि मधूनच बाहेर उभ्या असलेल्या मुलांच्या दातांकडे दुःखाने बघायचा. मुलं रडत आईवडिलांना पुढे ओढायची.

"अहो, तुम्ही बसता का खिडकीत?" तिने घोगऱ्या आवाजात नवऱ्याला विचारलं.

"कांदा करपेल."

"करपू दे! हॉटेलच जाणार आहे, कांदा कशात परतणार? माझ्या डोक्यात?"

नवऱ्याने विचार केला. "डोकं तापलेलं आहे खरं," तो म्हणाला आणि आत गेला.

एवढ्यावरून थोरलीला कळलं की आवाज परत आला आहे. तिने लग्नाकार्याला घालायचे कपडे घातले, पर्स घेतली आणि रस्ता ओलांडून दिराच्या हॉटेलात शिरली. सरळ खिडकीच्या टेबलाशी जाऊन मामंजींच्या समोर बसली.

"वहिनी, उठा," दीर म्हणाला.

"गिऱ्हाईक आहे मी. सूप आण. आणि पाव."

त्या रस्त्यावर हॉटेलवाल्यांचा एक नियम होता, पूर्वी झालेल्या मोठ्या हाणामारीनंतर सगळ्यांनी मिळून केलेला: ताटात घास आहे तोवर गिऱ्हाइकाला उठवायचं नाही, मग ते कुणीही असो. दिराने दात खात सूप आणलं. थोरलीचा बेत साधा होता. खिडकीत बसायचं, एकेक चमचा घ्यायचा आणि रस्त्याकडे बघून असं तोंड करायचं की जाणाऱ्याने डॉक्टरचा पत्ता विचारावा.

तिने पहिला चमचा घेतला आणि तोंड केलं. तोंड फार चांगलं झालं. पण समोर मामंजी होते आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"बसलात इथं येऊन? लाज नाही वाटली?"

"वाटली. तुझ्या सूपापेक्षा पचायला हलकी होती."

"तुमच्या वयाची माणसं कूस बदलायची तर घरच्यांना हाक मारतात. तुम्ही हॉटेल बदललंत."

"तुला हाक मारून उपयोग काय? बुजगावण्यासारखी मान हलवतेस."

"बुजगावण्याला बघून कावळे तरी उडतात. तुम्ही चिकटून बसलात."

मामंजींचा चेहरा असा फुलला की बाहेरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या पर्यटकाने नुसतं बघून पट्टा सैल केला. लोकांना काचेतून दिसत होतं ते असं: बाईचं पोट बिघडलंय, आजोबा मात्र मजेत आहेत; म्हणजे बाईने आधी दुसरीकडे कुठेतरी खाल्लं असणार. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे बघायला ते मागे वळायचे, समोर दातांचा डॉक्टर दिसायचा आणि खात्री पटायची.

थोरली रोज जाऊ लागली. रोज जास्त वाईट तोंड करायची, जास्त जोरात भांडायची, आणि दिराचं हॉटेल रोज जास्त भरायचं. दीर तर तिच्यासाठी खुर्ची ओढून धरू लागला. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला, आणि तो तिने मामंजींवर काढला.

हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला. ऊन असं की भोकातून समुद्राऐवजी नुसती चमक दिसत होती. दुपार व्हायला आली तेव्हा दिराकडे एकच टेबल रिकामं होतं आणि थोरलीकडे एकच भरलेलं, डॉक्टरचं. थोरली खिडकीत बसून तोंडं करत होती. वरून शेवटची बस भरायला माणसं उतरू लागली होती. तेवढ्यात तिच्या हातातून चमचा निसटून टेबलाखाली गेला.

ती वाकली. चमचा टेबलाच्या पायामागे अडकला होता, तो काढायला वेळ लागला. त्या वेळात वर धाकटी जाऊ आली असावी, कारण तिचा आवाज ऐकू येत होता. "मामंजी, अजून थोडं वाढू? गार झालं का? फुंकर घालून देऊ?"

थोरली वर आली आणि तिने मामंजींचा चेहरा पाहिला. तो पिळून दोरीवर टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता. काचेबाहेर एक बाप, आई आणि तीन मुलं उभी होती. बाप मान हलवत पुढे निघाला होता.

"काय बघताय? मेले नाही मी अजून," थोरली सवयीने म्हणाली.

चेहऱ्यावर लाली आली. बाप थांबला. वळला.

थोरलीने तोंड बंद केलं. लाली उतरली. बापाने बायकोकडे बघितलं.

"तुमच्या नाकापेक्षा डोंगराचं भोक बरं, लोक निदान बघायला येतात," थोरली म्हणाली, नुसतं पाहायला.

भुवया वर गेल्या, डोळे मिटले, आणि ते अख्खं कुटुंब दिराच्या दारातून आत आलं. शेवटचं टेबल भरलं.

थोरलीने चमचा खाली ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती सासऱ्यांना सूप देते. आणि गेला आठवडाभर ती रोज नटूनथटून शत्रूच्या घरी येऊन त्याचा धंदा वाढवत होती, वर जेवणाचे पैसेही देत होती. समोर रस्त्यावर घरमालक आला. त्याने छत्री जमिनीला टेकवली आणि मधोमध उभा राहिला.

थोरली पुढे झुकली. तिने आयुष्यात कधी न काढलेला आवाज काढला.

"मामंजी," ती म्हणाली, "दमलात का?"

"काय?"

"नाही, ऊन आहे ना. शाल आणू का पायांवर घालायला?"

मामंजींनी चमचा तोंडापासून दूर नेला. "काय म्हणालीस? परत म्हण."

"तुमची तब्येत म्हणजे आम्हाला सगळं. तुम्ही म्हणता ते खरंच आहे हो, सूप वाईटच करते मी. तुमच्यासारखं बारकाईने कोण सांगणार?"

"अगं, भांड की," मामंजी हळूच म्हणाले.

"आता काय भांडायचं? आपलीच माणसं."

धाकटी जाऊ धावत आली. जावेसमोर गोडव्यात मागे पडणं तिला सहन होण्यासारखं नव्हतं. "मी म्हणतच होते, मामंजींना जपायला हवं! पाय चेपून देऊ?"

"मी डोकं चेपते," थोरली म्हणाली.

दोन्ही बाजूंनी दोन सुना. मामंजींचा चेहरा पिवळा पडला, मग राखाडी. ओठ लोंबले. नुकत्याच आत आलेल्या बापाने ते पाहिलं, आपल्या ताटाकडे पाहिलं आणि मुलाच्या हातातला पाव काढून घेतला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वेटरला खुणेनेच विचारलं की आजोबांनी काय खाल्लं होतं. वेटर म्हणाला, "सूप." तीन टेबलांवरचे चमचे एकदम खाली ठेवले गेले. लोक उठू लागले.

मामंजीही उठले. ताटात पाव शिल्लक होता. त्यांनी आजवर ताटात काही टाकलं नव्हतं. लटपटत ते बाहेर पडले, घरमालकाच्या छत्रीला अडखळले, रस्ता ओलांडला, दातांच्या डॉक्टरला खुर्चीतून उठवलं आणि आपल्या जुन्या जागी बसले. नवऱ्याने आतून सूपाची वाटी आणून ठेवली. त्या दिवशी कांदा बहुधा करपला.

थोरली उठून दाराकडे धावली. दीर दारात आडवा उभा.

"वहिनी, ताटात घास आहे. नियम आहे."

"नियम गिऱ्हाइकाला न उठवण्याचा आहे, मेल्या! कोंडण्याचा नाही."

"तो मी आजपासून केला."

रस्त्यावर सगळा घोळका उभा होता, दिराकडून उठलेला आणि डोंगरावरून उतरलेला. कुठे जावं हे त्यांना कळत नव्हतं. समोरच्या खिडकीत मामंजी वाटीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा अजून राखाडीच होता. घरमालकाने मोजायला बोट वर केलं.

थोरलीने खिडकीच्या टेबलावर पाय ठेवला, वर चढली, काचेचं तावदान धाडकन उघडलं आणि रस्त्यापलीकडे ओरडली,

"अहो खादाड! दुसऱ्याच्या दारात तोंड मारून आलात, आता कुठल्या तोंडाने गिळताय?"

मामंजींची मान वर आली.

"आहे तेच एक तोंड!" ते ओरडले. बंद काचेआडून त्यांचा म्हातारा आवाज पोचला नाही, पण ओठ वाचता आले.

"चमच्यासकट बुडवीन तुम्हाला त्या सूपात! पण सूप नासेल!"

लाली. भुवया.

"सासरे नाही, वाटणीत मोडकी खुर्ची आली, तिच्यावर चिकटलेली घाण आली!"

मामंजींनी डोळे मिटले. चमचा तोंडात गेला. असा चेहरा त्यांनी पूर्वी कधी केला नव्हता. समोरच्या झाडावरची माकडंसुद्धा खाणं थांबवून बघायला लागली. घोळक्यातल्या लोकांना तिथली भाषा येत नव्हती. त्यांना वाटलं, ही बाई समोरच्या हॉटेलाची जाहिरात करते आहे, आणि फार जीव तोडून करते आहे. ते रांगेने थोरलीच्या हॉटेलात शिरले. खुर्च्या संपल्या तेव्हा उरलेले भिंतीला टेकून उभ्या उभ्या खाऊ लागले. तो बाप, आई आणि तीन मुलंही त्यात होती.

घरमालकाने बोट फिरवलं, ओठ हलवले आणि छत्री उचलली. "भांडी उचल," तो दिराला म्हणाला.

"ही फसवणूक आहे!" दीर म्हणाला.

"असेल. पण भरलेली आहे."

आता समोर टोप्यांचं दुकान आहे. जावई आत झोपतो आणि धाकटी जाऊ विकते. ती प्रत्येकाला सांगते की ही टोपी तुमच्यासाठीच थांबली होती हो, आणि लोक दोन दोन नेतात. दीर डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, खाली खडकावर बसून असतो. भोकातून उडालेल्या टोप्या गळाने काढतो आणि वाळवून बायकोकडे पाठवतो. वहिनीशी तो अजून बोलत नाही. रस्त्यात भेटली की थुंकतो, पण वाऱ्याची दिशा बघून.

थोरलीचं हॉटेल राहिलं. पण आता तिला माहीत आहे की हॉटेल कशावर चालतं, आणि तिथेच सगळं अवघड झालं. पूर्वी ती राग आला की बोलायची. आता तिला सकाळी उठून बोलायची तयारी करावी लागते. भाजी चिरता चिरता ती पुटपुटत असते. एकदा तिने नवऱ्याकडे मदत मागितली तर त्याने बराच विचार करून "करपलेला कांदा" एवढी एक शिवी सुचवली, आणि ती तिने वापरली, इतकी वेळ आली होती.

परवा बस आली तेव्हा ती जग घेऊन मामंजींसमोर उभी राहिली.

"तुमच्यापेक्षा फ्रीज माझ्या वाट्याला आला असता तर बरं झालं असतं. निदान गार तरी राहिला असता."

मामंजींनी चमचा चाटला. चेहरा हलला नाही. बाहेर एक जोडपं थांबलं होतं, ते पुढे सरकलं.

"हे तू गेल्या महिन्यात बोललीस," ते म्हणाले. "आणि तेव्हा जीव ओतून बोलली होतीस. हल्ली तुझ्या बोलण्यातही मीठ कमी पडायला लागलंय, सूनबाई. मी म्हातारा माणूस, मला काय, मी टोप्यांच्या दुकानातही बसू शकतो. ती धाकटी रोज बोलावते."

थोरलीच्या कानशिलातली शीर उडाली. जग टेबलावर इतक्या जोरात आपटला गेला की सूप वाटीबाहेर आलं. तिच्या तोंडून जे निघालं त्याची तिने तयारी केलेली नव्हती, ते इथे लिहिता येण्यासारखं नाही, आणि त्यातला शब्द न् शब्द तिला खरा वाटत होता.

मामंजींचे डोळे मिटले. गालांवर लाली चढू लागली.

दाराची घंटा वाजली.